विधुरांच्या जोड्या

४ जून
कॉलेजात स्टाफ तपासणी. आमच्या संख्याशास्त्र विभागातल्या नंदीशचं बीपी १२४/८०. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. माझं १५८/९६. माझी ही गेली त्याच वर्षी त्याचीही बायको गेली. वर्ष व्हायच्या आत त्याने वैजयंतीवहिनींशी लग्न केलं. मला हेवा नाही. शास्त्रीय शंका आहे.

५ जून
शंका अशी: पुन्हा लग्न करणारे मुळातच ठणठणीत असतात, श्रेय मात्र लग्नाला. कॉलेजच्या बीपी-सर्व्हेत जिल्ह्यातले पुष्कळ विधुर आहेत. आम्ही दोघंही. प्रोपेन्सिटी स्कोअर काढायचा. म्हणजे वय, पगार, मुलं, आजार यांवरून कोणाची लग्न करण्याची शक्यता किती. सारख्या स्कोअरचे दोघे घ्यायचे, एक लग्न केलेला, एक न केलेला, आणि बीपी पाहायचं. रविवारपर्यंत पुरं. आजपासून मीठ कमी.

८ जून, रविवार
माझी जोडी नंदीशशीच लागली. सॉफ्टवेअरला काही कळत नाही. लग्नाने बीपी उतरतं असंच येतंय. मॉडेल अपुरं आहे. मीठ सोमवारपासून.

११ जून
‘घरचा डबा’ कॉलम घातला. फरक कमी! ‘कंबर तलावावर फिरायला सोबत’ घातला. आणखी कमी. ‘गोळीची आठवण करणारं कोणी’ घातल्यावर फरक शून्य. सिद्ध झालं. जेवताना नंदीशने शेंगाचटणी पुढे केली. घ्या की दादा, वैजूनं तुमच्यासाठी जादा दिलीया, म्हणाला. नको म्हटलं. मेसची डाळ उत्तम होती.

१३ जून
विभागप्रमुख राजेश्वरी मॅडमना दाखवलं. अहो, स्कोअरमध्ये लग्नाआधीच्याच गोष्टी घ्यायच्या, म्हणाल्या. डबा, सोबत, गोळीची आठवण हे तर लग्नामुळेच आलं. लग्नातून मिळतं ते सगळं तुम्ही वजा केलंत, मग उरणार काय? नंदीश मागेच उभा होता. हसला नाही. त्याचाच जास्त राग आला.

१४ जून
आधीची गोष्ट सापडली: पहिल्या बायकोवरची माया. मला दहापैकी दहा. नंदीशला तीन. बाकी जिल्ह्याला सरसकट पाच. जोडी मोडली. खात्रीसाठी त्याला विचारलं, एवढ्या लवकर लग्न का केलंस. म्हणाला, घरात पाऊल टाकलं की तिची हाक ऐकू यायची, दादा. येडा हुतो की काय, लई भ्या वाटायचं. तुमाला न्हाय का येत ऐकू?
क्वचित, म्हटलं.

१६ जून
त्यालाही दहा दिले. पुन्हा तीच जोडी, तोच फरक. फाइल बंद केली. साडेपाचला तो निघाला. मग मॅडम निघाल्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझं थोडं काम राहिलंय.