गुरुवारचा रकाना

रेवा,

शाळेतून आलीस की आधी जेव. वरण-भात कुकरमध्ये आहे. आजीला घेऊन हॉस्पिटलला जातोय. कोलार रोड खोदून ठेवलाय, परतायला सहा वाजतील.

तुझी माफी मागायची आहे. आजीच्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांचा फोन दहाला येणार होता, साडेअकरा झाले तरी येईना. बसवेना, म्हणून तुझी प्रोजेक्टची वही उघडली. घरात रोज किती पाणी लागतं, याच्या चौथ्या आठवड्याचा आलेख मीच काढला. तो तू काढायचा होता. शिवाय, गुरुवारी तू मोजायला विसरली होतीस, तिथे मी अंदाजाने चारशे लिटर लिहिलं. तेही पेनाने. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत एखाद्या पोराने असं केलं असतं, तर मी त्याला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं असतं.

ते पान फाड. आलेख नव्याने काढ आणि गुरुवारपुढे 'मोजलं नाही' असं लिही. फ्रिजवरच्या वेळापत्रकाप्रमाणे वही द्यायला अजून नऊ दिवस आहेत. आज एवढंच कर, पाचव्या आठवड्याला हात लावू नकोस. 'आबा, टेन्शन मत लो' म्हणशील, माहीत आहे.

आजीचं काय, ते मला अजून ठाऊक नाही. शेवटी फोन आला, पण डॉक्टरांनी फोनवर काही सांगितलं नाही, दोघं समोर या म्हणाले. अंदाजाने मी काही लिहीत नाही. कळलं की, असेल तसं, आधी तुला सांगेन.

आबा