आईची साखर आणि तुमची कुत्री

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमचंच निस्तरते आहे. आज पुन्हा आईशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं, आणि त्याचं मूळ तुम्ही आहात. ती शिरपूरला एकटी राहते, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन घेते, आणि साखर तपासायचं मशीन मी जळगावहून नेऊन दिलंय, ते कपाटात घडी घातलेल्या लुगड्यांखाली ठेवते. का, तर म्हणे तिला मशीनची गरज नाही. साखर उतरली की कुत्री सांगते. मी इथे पॅथॉलॉजी लॅब चालवते, दिवसभर गावाची साखर मोजते, आणि माझी सख्खी आई कुत्रीवर विसंबून! वर मलाच ऐकवते, "तुना नानानी सांगेल शे, जनावरले आपलापेक्षा आधी समजस."

तुम्ही असं सांगितलं नव्हतं, म्हणून तर जीव जळतो. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, बोर्डाचे पेपर तपासायला धुळ्याला जायचात, आणि तुम्ही तिकडून निघालात की आपली तेव्हाची तांबडी कुत्री उठून ओट्यावर जाऊन बसते, हे आईच्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर तिला हार घालून मोकळा झाला असता. तुम्ही धुळ्याच्या स्टँडवर नाणं उडवायला लागलात. छापा आला तर समोरची गाडी, काटा आला तर ती सोडून पुढची, म्हणजे तुम्ही कधी निघणार हे आईला काय, तुम्हालाही आधी ठाऊक नसायचं. घरी आल्यावर चपला काढायच्या आत तुमचा प्रश्न, "कधी उठली?" बऱ्याचदा जुळायचं. जुळलं नाही की तुम्ही उलट जास्त खुशीत, "हेही सांगायचं बरं का लोकांना." लोकांना काय पडलं होतं? मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर तुम्हाला सुनावलं की विज्ञानाच्या माणसाला हे शोभत नाही, सगळा योगायोग आहे. तुम्ही घरी येऊन पितळी आपटलीत. "न बघता योगायोग म्हणणं हीसुद्धा अंधश्रद्धाच!" आणि त्याच आठवड्यात गल्लीतल्या बायका कुत्रीला कुंकू लावून गेल्या, तेव्हा ओल्या फडक्यानं ते पुसताना तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आईनं त्यातलं कुंकू तेवढं लक्षात ठेवलं. नाणं ती साफ विसरली.

आताची कुत्री त्या तांबडीची नात की पणती, देव जाणे. मागच्या महिन्यात मी राहायला गेले होते. संध्याकाळची वेळ, मी कळण्याच्या भाकरी थापते आहे, आई पाटावर बसून मिरच्या निवडते आहे. कुत्री येते, आईच्या गुडघ्याला नाक लावते. आई लगेच डबा उघडते, गुळाचा खडा मोडते, अर्धा कुत्रीला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात घालणार, तोच मी पिठाच्या हातानं तिचं मनगट धरते. बोट टोचून बघितलं तर साखर दोनशेच्या वर! मी ओरडलेच. अगं, तिला साखर कळत नाही, गूळ कळतो. तू प्रत्येक वेळी खडा देतेस, म्हणून ती येते. तूच तिला शिकवलंस. एवढं साधं गणित आहे. आई म्हणाली, "तुनं मशीन खोटं शे," आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि माझ्यावरच्या रुसव्यात जेवलीच नाही. आतल्या खोलीत जाऊन पडली. मीही ताठ, समजूत काढायला गेले नाही. तेवढ्यात कुत्री घरात शिरली. मला वाटलं आली पुन्हा गुळाला, म्हणून तिला बाहेर हाकललं आणि पुढच्या दाराला कडी घातली. तिनं दार ओरबाडायला सुरुवात केली, मग विव्हळायला लागली. तिच्या आवाजानं माझं डोकं उठलं, तेव्हा आईला दोन शब्द ऐकवायला म्हणून मी आत गेले. आई घामानं भिजलेली, मला तिची बहीण समजून काहीतरी असंबद्ध बोलत होती. मशीनवर पन्नासच्याही खाली. साखरपाणी पाजलं, त्यातलं अर्धं तिच्या पदरावर सांडलं. शुद्धीवर येऊन तिनं पहिलं काय बोलावं? "आते तरी पटनं का तुले?"

काय पटणार, नाना? एकदा चुकली, एकदा बरोबर आली. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, "कुत्र्याचं काय घेऊन बसलात?" त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. घामाचा वास येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण मग तांबडीचं काय? धुळ्याचा वास काही शिरपूरला येत नाही. तुम्ही असता तर वैतागायच्या ऐवजी कामाला लागला असतात. मी आईला विनवलं, महिनाभर कुत्रीला गूळ देऊ नकोस, मग बघू ती कधी येते. तर म्हणाली, "तिना हक्क शे तो." आता हिच्यापुढे कोणतं विज्ञान टिकणार? आणि माझा जीव इकडे टांगणीला. खरोखर साखर उतरली आणि कुत्री त्या वेळी गल्लीत भटकत असली, तर?

तुम्ही धुळ्याच्या दवाखान्यात शेवटचा श्वास घेतलात, त्या दुपारची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गल्ली सांगते की तांबडी त्या वेळी रडत होती, आईही तसंच सांगते. आई तुमच्याजवळ होती, घरी मी होते. मी कुत्रीसमोर बसून राहिले होते, कारण ती उठली की तुम्ही घरी यायला निघालात, असं मी धरून चालले होते. ती उठली नाही. गाडी तुम्हाला घेऊन दाराशी आली तरी झोपलेलीच होती. तिला काही कळत नाही हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं आणि पुढे कॉलेजात सगळ्यांना ठासून सांगत राहिले. गाडीतून आला तो नुसता देह, तुम्ही घरी यायला निघालाच नव्हतात, हे माझ्या लक्षात आलं ते आत्ता, या वयात. म्हणजे हे जुळलं म्हणायचं की नाही जुळलं? तुम्हीच सांगा.

हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून लिहिते. रोज फोन केला की मी आधी मशीनचा आकडा विचारत नाही, कुत्री काय करतेय ते विचारते. आई म्हणते, "झोपेल शे." म्हणजे तिच्या लेखी सगळं ठीक. माझं मात्र तेवढ्यावर भागत नाही, कारण त्या दुपारी तांबडीही झोपलेलीच होती. मग मी तिला कपाटातून मशीन काढायला लावते आणि आकडा विचारते. तो चांगला असला, तरी मला लगेच खरा वाटत नाही.