अप्पा गाळायचे ते वाक्य

२२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकट्या,

प्रभूच्या नावानं सलाम, आणि थोरल्या बहिणीच्या नावानं पाठीत एक धपाटा. सगळे तुला पाळकसाहेब म्हणतात. मी म्हणणार नाही, वाट पाहू नकोस.

आम्ही बरे आहोत. जिना दिसला की तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, उरलेला वेळ ते स्वतः कुरकुरतात. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलं आहे. निळे तागे छताला टेकले आहेत. काज-बटणांना माणूस मिळत नव्हतं, ते आता मिळालं आहे.

तुझं पत्र पोचलं. ‘ती आली तर दार उघडू नकोस. उघडलंस तर माझं दार तुला कायमचं बंद.’ सख्ख्या बहिणीला हे लिहायला तुझा हात कसा धजावला, देव जाणे. पत्रभर आज्ञाभंग आहे, आदाम आहे, हव्वा आहे, माणसाचा मुळातला बिघडलेला स्वभाव आहे. तुझी एकुलती एक लेक कुठे आहे, जेवली का, हे विचारणारी ओळ मात्र नाही. फळ खाऊन ते दोघं लपले तेव्हा त्या बागेत देवानंसुद्धा आधी हाक मारली ती ‘तू कुठे आहेस?’ अशी. झाडाझडती नंतर घेतली.

तर ऐक. ती इथे आहे. काज-बटणं तीच करते.

मंगळवारी आली, एका पिशवीनिशी. जिन्यात उभी राहून म्हणाली, “आत्या, आत येऊ, की तुला आधी बाबांना विचारायचंय?” मी म्हटलं, “आधी चपला काढ. लादी आत्ताच पुसलीये.” मग ती जी रडली, ते मी इथे लिहीत नाही. तुझ्याच्यानं वाचवणार नाही.

तिनं सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा चर्चला येत नाही, म्हणून तू लग्नाला नाही म्हणालास. तिनं ऐकलं नाही. मग तू तिला मागच्या बाकावर बसवलंस. चुकलेल्यानं सगळ्यांदेखत माफी मागेपर्यंत तिथे बसायचं, ही तुमच्या मंडळीची रीत मला ठाऊक आहे. पण स्वतःच्या लेकीला तिथे बसवून, त्याच रविवारी तोच आदाम-हव्वेचा अध्याय वाचायचा? फळ, शाप, हकालपट्टी. माना वळवून लोक तिच्याकडे पाहत होते आणि तू वाचत होतास.

तू तो अध्याय आपल्या अप्पांसारखा वाचतोस. आठवतं ना, आपण काही आगळीक केली की अप्पा दाराशी उभं करून तो मोठ्यानं वाचायचे? आपल्याला तो घोकून पाठ झाला, पण त्यांनी वाचला तसा. शापानंतर ते आदाम-हव्वेला थेट बागेबाहेर काढायचे. मधलं एक वाक्य गाळायचे. मी लग्न होऊन इथे आले, स्वतः वाचायला बसले, तेव्हा ते मला सापडलं. दोघांना बाहेर काढण्याआधी देवानं त्यांच्यासाठी कातड्याचे कपडे केले आणि स्वतः त्यांच्या अंगात घातले. त्यांनी पानं जोडून केलेलं नेसू काय टिकणार होतं? मी शिवणारी बाई आहे, मला ते वाक्य ओलांडून पुढे जाता आलं नाही. तू पाळक होऊन ते रोज कसं ओलांडतोस?

मी तिचा लग्नाचा झगा शिवते आहे. साधा, पांढरा. बाजूच्या शिवणींत माया जरा जास्तच ठेवली आहे, पुढे सैल करायला लागणार आहे म्हणून.

हे तुला तोंडानं सांगायचं होतं, पण तू फोन उचलत नाहीस. तुझी लेक आई होणार आहे. काल बटण लावता लावता तिनं विचारलं, “आत्या, बाबा म्हणतात माझ्यात मुळातच खोट आहे. मग पोटातल्या बाळात पण असेल का गं?”

बोल, काय उत्तर देशील? मी सांगितलं, “असणार. तुझ्यात आहे, माझ्यात आहे, तुझ्या बापात तर आहेच. म्हणून तर सगळ्यांना कपडे लागतात.” ती हसली. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी.

पाप वारशानं येतं, या तुझ्या म्हणण्यावर मी वाद घालत नाही. दोन वर्षांचं पोर ‘नाही’ म्हणायला कुणाकडे शिकायला जात नाही. पण वारसाच म्हणायचा, तर आदामापासून तिच्यापर्यंत यायला वाटेत तुझं घर लागतंच ना? मग मागच्या बाकावर ती एकटीच का? तूही तिच्याशेजारी सरकून बसायला हवं होतंस.

आता माझं ऐक, आणि हे मी विचारत नाही, कळवते आहे. लग्न शनिवारी सकाळी, आमच्या चर्चमध्ये. इथल्या पाळकांना सगळं सांगितलं आहे, त्यांनी होकार दिला. नवरीला हाताला धरून कोण आणणार, असं त्यांनी विचारलं. “तिचे बाबा,” असं मी सांगून टाकलं. हा माझा आज्ञाभंग, आणि याची माफी मी कोणत्याही बाकावरून मागणार नाही. तू आला नाहीस तर मी तिला आणीन. मला तू एकटाच भाऊ आहेस. तुझं दार बंद झालं तर मी किती रडेन हे तुला माहीत आहे, आणि तरीही मी तिलाच आणीन.

तुझ्यासाठी काळा कोट कापायला घेतला आहे. तुझं माप जुनं आहे, पोटाला अंदाजानं वाढवते. शनिवारी आलास तर इथे घाल. नाही आलास, तर सोमवारी मी तो घेऊन तिकडे येईन. दार उघडू नकोस हवं तर, कडीला अडकवून परत फिरेन. पण तुलाही मी तसं उघडं सोडणार नाही.

तुझ्याइतकीच पापी, आणि तुझीच,
ताई