अण्णांची गोळी

मंगळवार, १२ ऑगस्ट. नाते गाव.

अण्णांचे डोळे पिवळे दिसतात. अंगणातल्या उजेडात नेऊन पाहिले, पिवळेच.

रक्तातली चरबी उतरवणारी त्यांची गोळी यकृताच्या पेशींना जास्त चरबी जाळायला लावते. क्वचित त्याच पेशींना इजा करते. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी आजच बंद, उद्या रक्त तपासा. अण्णा ऐकेनात.

"तू तपासलेली गोळी हाय गो, ती मला काय करनार?"

मी औषधांच्या कारखान्यात फक्त शुद्धता तपासते. पेशीत काय होतं ते माझ्या यंत्रावर कुठे दिसतं? हे कितीदा सांगू? डोळे इतके पिवळे, आणि हा माणूस हसतोय.

शेवटी मी खोटं बोलले. ही गोळी सदोष निघाली, माझ्याच हातून चुकून पास झाली.

अण्णांनी लगेच गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "कुनाला बोलू नको, तुझी नोकरी जाईल."