दाजींच्या आंघोळीचे पाणी

मुंबई बंदर, १० नोव्हेंबर १९७२

ती. आक्कास, रंगनाथचा सा. न. वि. वि.

चिवडा पोचला. आमच्या जहाजाच्या तळाशी तेलकट पाणी साचते. ते टाकीत निवळू द्यायचे, वर आलेले तेल काढायचे आणि खालचे स्वच्छ पाणीच समुद्रात सोडायचे, असा नियम आहे. मंगळवारी त्याची तपासणी होती. म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः उभा राहून इंजिनखोली साबणाच्या पुडीने तीनदा घासून घेतली, धुवण टाकीत सोडले आणि डायरीत 'समाधान' असे लिहिले. तपासणीच्या बाटलीत पाणी आले ते दुधासारखे गढूळ, तेलासकट.

टाकीची देखरेख आपल्या लंकाबाईच्या मुलाकडे, आसारामकडे होती. त्याने ती ढवळली असणार. रात्रभर टाकीला हात लावला नाही, असे तो म्हणतो. मी त्याच्याविरुद्ध रिपोर्ट दिला आहे. महिनाअखेर त्याला काढतील. तूच त्याला माझ्याकडे पाठवलेस, म्हणून कळवले. कर्तव्यापुढे गाववाला पाहायचा नसतो, हेही डायरीत लिहिले.

लोभ कमी होईल, याची कल्पना आहे.

रंगनाथ

खर्डा, १५ नोव्हेंबर

चि. रंगनाथ यास मनकर्णाआक्काचे आशीर्वाद.

लंकाबाईला अजून सांगितलं न्हाई. दोन लेकरं हायेत आसारामला. यंदा हिरीचा तळ दिसतोय, म्हणून दिवाळीचं आंघोळीचं पाणीसुद्धा आम्ही घंगाळात धरून लिंबाला घातलं. पोरींनी नुसतं तेल लावलं होतं. त्यांच्या पाण्यावर तेल तरंगलं, ते मी वाटीनं काढून बैलाच्या शिंगांना चोळलं. तुझ्या दाजींना साबणाशिवाय जमत न्हाई. त्यांचं पाणी ताकासारखं झालं. दोन दिवस ठेवलं, तेल वर आलंच न्हाई.

तुझ्या टाकीतलं मला काय कळतंय. पण साबण आसारामनं घातला का तू?

चिवडा मऊ पडला का, ते लिही. माया हाय तेवढीच हाय.

आक्का

मुंबई, २० नोव्हेंबर

ती. आक्कास सा. न. वि. वि.

दोन बाटल्यांत तेलकट पाणी भरले, एकीत चिमूटभर साबण टाकला. सकाळी पहिलीत तेल वर आलेले. दुसरीत दाजींची आंघोळ. इंजिनियरिंगची चार वर्षे मी कुठे होतो, कोण जाणे. रिपोर्ट मागे घेतला, चूक माझ्या नावावर लिहून दिली आणि ती सगळ्यांसमोर वाचली. आसाराम एवढेच म्हणाला, "मग आता जमीन कशानं पुसायची, साहेब?" आम्ही दोघांनी मिळून ती लाकडाच्या भुशाने पुसली.

लंकाबाईला काही सांगू नकोस, असे लिहिणार होतो. पण सांग, माझे नाव घेऊन सांग.

लोभ मागायला तोंड नाही. जेवढा उरला असेल तेवढा असू द्यावा.

तुझा रंगनाथ

ता. क. चिवडा मऊ पडला होता. डबा मीच उघडा ठेवला होता. त्याचाही आळ मी आधी आसारामवरच घेतला होता.