शालूने मागितलेली रडपाची गाणी

शिरगाव, चवथीआधीचा रविवार

आज मांद्र्याला धाकट्या बहिणीच्या सासरी चवथीचं वजें, म्हणजे माहेरची भेट, पोचवून आलो. लग्नानंतरचं पहिलंच. करंज्या, लाडू, नारळ, आणि वर शालूने मागितलेली कॅसेट. जत्रेला माहेरी आली होती तेव्हा म्हणाली होती, "दादा, गाणीं भरून दी. पूण सगळीं रडपाचींच. दोनय बाजूंनी."

मी तिची थट्टा केली. मग चार रविवार रेडिओपुढे टेप धरून एका बाजूला विरहाची गाणी भरली, आणि दुसऱ्या बाजूला मुद्दाम हसतीखेळती. नव्या नवरीला एवढं रडणं कशाला? स्वतःवर खूश होतो मी!

कॅसेट बघून तिची सासू कौतुकाने म्हणाली, "खुळीच तुमची शालू! आमच्या टेपार एकच दुःखाचा गाणा. ता लागला की हिचो पदर डोळ्यांक. मी म्हणतंय, रड बाये, गाण्याक रडतंस ना!" सगळे हसले. मीही हसलो. शालू खाली मान घालून कपबश्या गोळा करत होती.

परतताना बसमध्ये ते डोक्यात शिरलं. गाणं चालू असलं की त्या घरात तिला कुणी विचारत नाही, का रडतेस. पण मी तरी कुठे विचारलं? जत्रेला नाही, आजही नाही.

दोनय बाजूंनी, म्हणाली होती. मी तिला एकच बाजू दिली.