कौतुक घेण्याचा सराव

१८ फेब्रुवारी २००७

दिवाळीनंतर एकदम आज. इतके दिवस वहीला हात लावला नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागतोय ते स्पष्ट नाही, कारण मी सोडून हे कोणी वाचत नाही. पण मागायची राहून गेली असं नको.

कारण सुनीती. सकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघताना ती म्हणाली, "आज छान दिसताय." मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. शर्ट सेलमधला आहे, कॉलर उलटून शिवलेली आहे, दाढी करताना हनुवटीला कापलंय. तिचं लाटणं थांबलं. म्हणाली, "तुम्हाला चांगलं म्हणायचं म्हणजे कोर्टात साक्षीला उभं राहायचं. उलटतपासणी झाल्याशिवाय सुटका नाही. सोळा वर्षं म्हणत आले. आता बंद. नीट घ्यायला शिकलात की सांगा, मग बघू."

अदितीने (कन्या, नववी ब) आतल्या खोलीतून टाळ्या वाजवल्या.

विचार केला. मी नम्र आहे यात वाद नसावा. अतिरेक होत असेल का? शक्य आहे. संकल्प: कोणी कौतुक केलं की हसून "थँक्यू" म्हणायचं. पुढे एक शब्द नाही. आठवड्याभरात जमेल.

२१ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये हेडसर म्हणाले, मागच्या बॅचचा गणिताचा निकाल उत्तम लागला. "थँक्यू" म्हणालो. मग शांतता पसरली. ती मला उर्मट वाटली, म्हणून खुलासा केला की पेपरच सोपा होता. हेडसर म्हणाले, "असं का? मग बघायला पाहिजे." आता मला लेखी अहवाल द्यायचाय.

तरी थँक्यू म्हणालो होतो. प्रगती आहे. घरी सांगितलं. सुनीती "हं" म्हणाली. "हं" हा चांगला शब्द धरावा का? अदितीच्या मते नाही.

४ मार्च

मानकोलीचे दौलतशेठ आले होते. यांची भातशेती होती तिथे आता गोडाऊनं आहेत. मुलगा कुणाल माझ्याकडे ट्यूशनला यायचा, दहावी काठावर सुटला, आता त्याच गोडाऊनांना टेम्पो पुरवतो. त्याचं लग्न ठरलंय. पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवून म्हणाले, "सर, या घराचं उपकार आमी इसरनार न्हाय. पोऱ्याला जी काय अक्कल आली ती तुमच्या घरान आली. न्हाय तं आज ट्रकवर किलीनर असता."

मी म्हणालो, यात माझा वाटा नगण्य आहे.

ते लगेच "बरा" म्हणाले. हे मला जरा घाईचं वाटलं. अशा वेळी समोरच्याने थोडा आग्रह करायची पद्धत आहे.

नंतर सारखे स्वयंपाकघराकडे बघत होते. "मॅडम कुठं हायत?" चहा हवा असणार. सुनीती बाजारात गेली होती, म्हणून मीच केला. त्यांनी अर्धा ठेवला. जाताना म्हणाले, "पंचवीस एप्रिलला हलद. दोगंव येवाचाच. आमच्यान मान हलदीला असतं, लग्नाला नुसता जेवान."

म्हणजे माझा सत्कार. नको होतं. पण नकार द्यायचा नाही, हाच तर अभ्यास आहे. सगळ्यांदेखत मान नीट घेतला की सुनीतीला तिचा शब्द मोडावा लागेल.

साखरपुड्याची पत्रिकाही ठेवून गेले. पाकिटावर हाताने लिहिलंय: "सौ. सुनीती मॅडम व सर". गावाकडे क्रम उलटा लिहीत असावेत. मनाला लावून घेतलं नाही.

१८ मार्च

कशेळीला कुणालचा साखरपुडा. दौलतशेठनी मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं. "हे कुणालचे सर. यांच्याकडं आमचा पोऱ्या गनितान पयला व्हता."

थँक्यू म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ. पण खोटं कौतुक घेणं आणि चोरीचा माल घेणं यात काय फरक? नम्रपणे दुरुस्ती केली. पहिला नव्हता. काठावर पास, आणि तेही ग्रेसमार्कांवर.

व्याही म्हणाले, "ग्रेस?" नवरी मुलगी करिष्मा बी.कॉम. आहे. तिने कुणालकडे पाहिलं. कुणालने बुटांकडे. दौलतशेठ फार मोठ्याने हसले, "सर लय मस्करी करतान!" सुनीतीने माझ्या कोपराला चिमटा घेतला. अजून काळंनिळं आहे.

परतताना रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही दोघं. उतरून चालतही जाता येईना. ती म्हणाली, "तुम्ही स्वतःला खाली खेचता ते एक वेळ ठीक. आज त्या पोरालाही सोबत नेलंत. हळदीला असं काही बोललात, तर मी मानकोली नाक्यावरून एकटी घरी येईन."

मी म्हणालो, एवढ्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा मिळणार नाही. तिने तोंड फिरवलं. पुन्हा कंटेनर.

२ एप्रिल

कुणाल आला होता, फ्लेक्सवर छापायला फोटो मागायला. "मॅडमचा दिला तरी चालंल," म्हणाला. संस्कारी मुलगा, सरांना संकोच होईल हे ओळखतो. सुनीती म्हणाली, मेलं, माझा कशाला. म्हणून फ्लेक्स या प्रकाराबद्दल तीव्र नापसंती कळवून मी माझा पासपोर्ट साइझ दिला. चष्म्याशिवायचा. तो बरा आलाय.

ग्रेसमार्कांबद्दल मी क्षमा मागणार होतो. तोच म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. करिष्मा लय हसली. बोल्ली, तुझ्या लग्नान खरा बोलनारा एकच मानूस हाय." मी म्हणालो, तसं काही नाही, मीही प्रसंगी खोटं बोलतो. तो "बरं सर" म्हणून आत गेला.

आत सुनीतीने थालीपीठ लावलं. बराच वेळ दोघांचं हसणं ऐकू येत होतं. मी बाहेर बोर्डाचे पेपर तपासत होतो.

१५ एप्रिल

अदितीबरोबर सराव. ती कौतुक करणार, मी थँक्यू म्हणणार, पुढे बोललो तर ती शिट्टी वाजवणार.

"बाबा, तुमचं अक्षर सुंदर आहे." थँक्यू.

"बाबा, तुम्ही कधी चिडत नाही." थँक्यू, पण परवा भाजीवाल्यावर... शिट्टी.

"बाबा, तुमचा शर्ट छान आहे." थँक्यू. (अवघड होतं.)

"बाबा, मला तुम्ही खूप आवडता."

मी विचारलं, काय विकत घ्यायचंय?

शिट्टी वाजली नाही. तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे सरावातलं नव्हतं." आणि उठून गेली. जेवताना मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा "हं".

घरात आता दोघी हं म्हणतात. घर तसं लहानच आहे. जिथे जावं तिथे हं.

२० एप्रिल

कुकरची रिंग आणायला मानकोलीला गेलो होतो. (भिवंडीतही मिळते. पण फेरफटका.) नाक्यावर फ्लेक्स लागलाय. मधोमध कुणाल आणि करिष्मा, वर देव, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. मी शेवटच्या रांगेत, शर्टाच्या बटणाएवढा. प्रसिद्धीचा तिटकारा असल्याने बरंच वाटलं. एवढंच की, कुणालच्या मित्राची मोटरसायकल माझ्याहून मोठी छापलीय.

रिंग बसत नाही. वेगळ्या कंपनीची आणली.

२३ एप्रिल

मानाची पद्धत दौलतशेठना फोनवर विचारून घेतली. आयत्या वेळी गोंधळ नको. त्यांच्यात धवळारीण असते, गाणी म्हणत लग्नाचे विधी पार पाडणारी बाई. यांची पुतळाबाई. ती ज्याचा मान त्याचं काम गाण्यातून सांगते, नाव शेवटी घेते. मग त्या माणसाने उठून पाटाशी जायचं आणि नवऱ्या मुलाला हळद लावायची. "कोनाचा नाव ते आमी आदी सांगत न्हाय," ते म्हणाले. मी म्हणालो, समजलं. फोनवर हसलोसुद्धा.

बारकाईने विचार केला. माझी आजवरची चूक ही की मी आग्रह करून घेतो. चार जणांनी ओढून उठवावं असं वाटणं हाच सूक्ष्म गर्व. खरा नम्र माणूस पहिल्या इशाऱ्याला उठतो. तेव्हा: नावाची वाट बघत बसायचं नाही. उठायचं, हसायचं, थँक्यू.

आरशापुढे करून पाहिलं. हसू चांगलं जमतं. हे लिहिताना बढाई मारतोय का? तपासलं. नाही.

२६ एप्रिल, संध्याकाळ

काल हळद झाली. जसं घडलं तसं लिहितो.

मांडव भरलेला. पाटावर कुणाल. ढोलाच्या साथीने पुतळाबाईंनी गाणं उचललं.

भिवंडी शहरान दुसरे माल्यावं घर गो,
त्या घरान गेला बाल शिकाला गो...

दुसऱ्या मजल्यावरचं घर. आमचंच. पहिला इशारा. मी उठलो. कोणी ओढलं नाही, कोणी आग्रह केला नाही, इतका सहज उठलो की स्वतःचं कौतुक वाटलं. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, मधली वाट अरुंद. मी हसत निघालो.

पेपराचे दिशी बालानं दार लावला गो,
रडून बोल्ला मी न्हाय जाय गो...

हे मला नवीन होतं. कुणालच्या गणिताच्या पेपराच्या दिवशी मी दुसऱ्या केंद्रावर सुपरव्हिजनला होतो. त्याआधी, यंदा बसू नकोस, ड्रॉप घे, असा सल्ला मी त्याला दिला होता. प्रिलिमचे मार्क पाहता तो योग्यच होता. पाय चालत होते. मागे फिरायला जागा नव्हती, माझ्यामागे वाट बायकांनी भरून काढली होती.

भिवंडीशी कोन आली रिक्षा करून गो,
पोहं भरवून कोनी नेला पेपराला गो...

"आली." हे मी ऐकलं. पण तोवर पाटाशी पोचलो होतो. कुणाल माझ्याकडे बघत होता, त्याचे वडील माझ्याकडे बघत होते. ढोल थांबला. त्या शांततेत मी म्हणालो, "थँक्यू."

आणि पुतळाबाईंनी नाव घेतलं. सुनीतीबाई.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुतळाबाईंनी हळदीची वाटी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "सर, आलाव तं बरा झाला. वाटी धरा. मॅडमचं हात मोकलं रव्हाला पायजेत."

मी वाटी धरली.

सुनीती आली. दौलतशेठ तिला म्हणाले, "मॅडम, तुमी त्या दिशी आला नसता तं आज हा मांडव नसता." मी वाट बघत होतो की ती आता म्हणेल, छे, मी काय केलं, रिक्षा तर मिळालीच होती. ती म्हणाली, "हो, आले होते खरी. तुमचा कुत्रा केवढा भुंकला होता माझ्यावर!" सगळे हसले. तिने कुणालच्या दोन्ही गालांना हळद लावली. तो वाकला, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शाल खांद्यावर घातली तर तिने ती नीट लपेटून घेतली, वर म्हणाली, "रंग माझ्या आवडीचा आहे." संपलं. एवढंच. गेले दोन महिने मी घरात जो सराव केला, त्याचा तिला नकळत फायदा झाला असावा.

ती एकटी पेपराच्या दिवशी मानकोलीला गेली होती, हे मला माहीत नव्हतं. घरी येताना विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, रिक्षावाल्याने जास्त तर नाही घेतले?"

हे मी म्हणालो असेन. म्हणालो असेनच.

कुणालच्या मित्राने गाडीतून सोडलं. मानकोली नाका आला. ती उतरली नाही. फ्लेक्सवरचा मी मागे गेलो. मग ती, शालीत, बाहेर बघत म्हणाली, "वाटी छान धरलीत."

फेब्रुवारीनंतरचा पहिला चांगला शब्द.

मी म्हणालो, "हलकीच होती. स्टीलची."

ती हसली, की तिने नुसता श्वास सोडला, अंधारात कळलं नाही. आज दिवसभर बोलायचं ठरवत होतो. सकाळी पाणी आलं होतं, दुपारी अदितीची मैत्रीण होती, आता कुकर लावलाय आणि रिंगमुळे तो सारखा फुसफुसतोय, त्यात काय बोलणार.

उद्या: सुनीतीला वाटीबद्दल थँक्यू म्हणणे. पुढे काही नाही.